बायोसचं दार उघडं ठेवणारा गॅरी

ब्रँडेड डेस्कटॉपचं बायोस उघडलं की निम्मी सेटिंग्ज गायब, नाहीतर पासवर्डखाली बंद. गंमत बघा, बायोसची कल्पना ज्या माणसाने मांडली, त्याने ती मांडली होती नेमकी उलट्या कारणासाठी. गॅरी किल्डॉल या विसरल्या गेलेल्या माणसाची ही गोष्ट.

मोठ्या शहरातल्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप हल्ली कुठेही मिळतात. शिरूर अनंतपाळ असो, निलंगा असो की उदगीर. नव्याचं बजेट नसलं की पोरं असाच एखादा काळा डबा उचलतात. डबा मजबूत असतो, कामही चांगलं करतो. अडचण येते ती जरा वेगळं काही करायला गेल्यावर. पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायचंय, व्हर्च्युअल मशीन चालवायचंय, रॅमचा वेग बदलायचाय. कॉम्प्युटर चालू होताना एफ-२ किंवा एफ-१० दाबून बायोसमध्ये शिरलो की कळतं, आधीच्या कंपनीने पासवर्ड टाकून ठेवलाय. पासवर्ड नसेल तर व्हिडिओत दाखवलेलं सेटिंग आपल्या मेन्यूत नसतंच.

मग प्रश्न पडतो. पैसे आपण दिले, मशीन आपल्या टेबलावर आहे, तर त्यात काय बदलायचं आणि काय नाही हे ठरवणारा तिसरा कोण?

हा प्रश्न आजचा नाही. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की अमेरिकेतल्या एका मास्तरापाशी येऊन थांबावं लागतं. बायोस हा शब्द त्याने दिला. तुमच्या विंडोजमध्ये आजही सी ड्राइव्ह दिसतो ना, ती अक्षरांनी ड्राइव्ह ओळखायची पद्धत छोट्या कॉम्प्युटरवर त्याच्याच सॉफ्टवेअरमधून आली. तरीही बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्ज ही नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि गॅरी किल्डॉल म्हटलं की समोरचा विचारतो, हा कोण?

जहाजवाल्यांच्या घरातला पोरगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, सिअॅटल शहरातला. घरात पिढीजात धंदा होता शिकवण्याचा, पण विषय वेगळा. किल्डॉल कुटुंबाची नौकानयन शिकवणारी शाळा होती. समुद्रावर जहाज नेमकं कुठे आहे हे ताऱ्यांवरून, त्रिकोणमिती मांडून कसं काढायचं, हे तिथे खलाशांना शिकवायचे. गॅरीनेही तिथे शिकवलं. आपण गणिताचे शिक्षक व्हायचं, हे त्याचं सुरुवातीचं स्वप्न.

त्या स्वप्नापायी तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डोरोथीशी लग्न झालं. विद्यापीठात त्याला कॉम्प्युटर भेटला आणि गणित हळूहळू मागच्या बाकावर गेलं. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र. विद्यार्थ्याने आपला प्रोग्रॅम द्यायचा आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. सक्तीच्या लष्करी सेवेची वेळ आली तेव्हा गॅरीला नौदलाच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायचं काम मिळालं. हे स्कूल कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे या समुद्रकाठच्या गावात. सेवा संपल्यावरही तो तिथेच शिकवत राहिला. १९७२ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली. १९७३ मध्ये कम्पायलर प्रोग्रॅम सुधारून जलद कसा करतो यावर त्याने एक निबंध मांडला. कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी कम्पायलरमध्ये डेटा-फ्लो अॅनालिसिस शिकतात, त्याचा पाया या निबंधात आहे. म्हणजे हा गडी नुसता जुगाडू नव्हता, अभ्यासातही पक्का होता.

चिप आली, पण तिला बोलता येत नव्हतं

१९७१ च्या शेवटी इंटेलने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. नखाएवढी चिप, किंमत थोडकी. ज्यांनी ती बनवली त्यांनाही वाटत होतं की ही कॅल्क्युलेटर, ट्रॅफिक सिग्नल असल्या कामांना बरी. गॅरीच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. नौकानयनाच्या शाळेतली ती किचकट आकडेमोड एखादं छोटं यंत्र करू शकेल का? त्यासाठी तो या चिपवर प्रोग्रॅम लिहायला लागला. हातात पूर्ण कॉम्प्युटर नव्हता, म्हणून त्याने मोठ्या कॉम्प्युटरवर या छोट्या चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम बनवला आणि त्यावर सराव केला. आज आपण मोबाइलचा एम्युलेटर लॅपटॉपवर चालवतो, तसलाच प्रकार.

त्याचं काम बघून इंटेलने त्याला सल्लागार म्हणून घेतलं. आठवड्यातून एक दिवस तो गाडी काढून सिलिकॉन व्हॅलीत जायचा. तिथे त्याने १९७३ मध्ये पीएल/एम नावाची भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेली ही पहिली उच्चस्तरीय भाषा मानली जाते.

आता त्याला एक गोष्ट खटकत होती. चिप आहे, भाषा आहे, पण माहिती साठवायची कशावर? त्या वेळी कागदाच्या छिद्रं पाडलेल्या पट्ट्या वापरत. पट्टी फाटली की काम गेलं. नुकत्याच आलेल्या फ्लॉपी डिस्कवर हे सगळं ठेवता आलं तर? शुगार्ट कंपनीकडून त्याने चाचणीत वापरून झालेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह आणि चिप यांना जोडणारं सर्किट त्याला काही केल्या जमेना. शेवटी जॉन टोरोडी हा विद्यापीठातला जुना मित्र धावून आला आणि त्याने ते सर्किट करून दिलं.

१९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावी, घरामागच्या अवजारांच्या शेडमध्ये त्यांनी मशीन चालू केलं. फ्लॉपी फिरली, स्क्रीनवर आदेशाची वाट बघणारी खूण उमटली. छोट्या कॉम्प्युटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली होती. गॅरीने तिला नाव दिलं सीपी/एम. इंटेलला दाखवली, इंटेलला तिच्यात धंदा दिसला नाही. मग गॅरी आणि डोरोथीने घरातूनच कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगा पालथी घालू पाहणारं नाव पुढे छोटं झालं आणि डिजिटल रिसर्च एवढंच उरलं. तंत्राची बाजू गॅरीकडे, धंद्याची सगळी बाजू डोरोथीकडे. पुढच्या घडामोडींत डोरोथीचं नाव पुन्हा येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

दुभाष्याचं नाव बायोस

सीपी/एम सत्तर डॉलरला मिळायची. तेव्हा नव्या छोट्या कंपन्या धडाधड कॉम्प्युटर बनवत होत्या आणि प्रत्येकाचं हार्डवेअर वेगळं. एकाचा ड्राइव्ह वेगळा, दुसऱ्याचा कीबोर्ड वेगळा, तिसऱ्याचा प्रिंटर आणखी वेगळा. प्रत्येक मशीनसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहायची म्हटलं तर गॅरीचं आयुष्य त्यातच गेलं असतं.

इथे त्याने जी शक्कल काढली तिने पुढची पन्नास वर्षं बदलली.

समजायला आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. देवणी-उदगीरकडच्या बाजारात सीमेपलीकडचा शेतकरी कन्नड बोलतो, इकडचा व्यापारी मराठी. मध्ये दोन्ही भाषा येणारा एक माणूस उभा राहिला की सौदा होतो. उद्या तेलुगू बोलणारा शेतकरी आला तर व्यापाऱ्याने तेलुगू शिकायची गरज नाही. फक्त मधला माणूस बदलायचा.

गॅरीने हेच केलं. सीपी/एमचे त्याने तीन तुकडे केले. एक तुकडा वापरणाऱ्याचे आदेश ऐकणारा. दुसरा फाइली सांभाळणारा. हे दोन्ही सगळ्या मशीनवर अगदी सारखे. तिसरा तुकडा मात्र त्या त्या मशीनच्या हार्डवेअरशी बोलणारा दुभाषा. या तिसऱ्या तुकड्याला त्याने नाव दिलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम, म्हणजेच बायोस. नवं मशीन आलं की फक्त बायोस नवं लिहायचं, बाकी सगळं जसंच्या तसं.

हा दुभाषा किती छोटा होता बघा. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत बायोसची कामं होती फक्त १७. कळ दाबली का बघ, अक्षर वाच, अक्षर दाखव, डिस्क निवड, इतक्या क्रमांकाच्या ट्रॅकवर जा, वाच, लिही, अशी साधी कामं. कुठलं काम कुठल्या क्रमांकावर हे ठरलेलं. ते काम आत कसं करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे. सीपी/एमसोबत एक मार्गदर्शिका यायची. तुमच्या मशीनसाठी बायोस स्वतः कसं लिहायचं, हे तिच्यात समजावून सांगितलेलं असायचं. सुरुवात करायला बायोसचा एक सांगाडाही दिलेला असायचा. म्हणजे बायोस ही कंपनीने बंद करून ठेवायची गोष्ट नव्हती. उलट तेवढा एकच भाग असा होता जो वापरणाऱ्याने उघडावा, बदलावा अशीच अपेक्षा होती. मास्तर माणूस तो. धडा देताना वहीत मोकळी जागा सोडावी, तशी त्याने ही जागा सोडली होती.

याचा परिणाम काय झाला? १९७७ मध्ये आयएमएसएआय या कंपनीने २५ हजार डॉलर मोजून सीपी/एमचं लायसन घेतलं. मग रांगच लागली. शेकडो प्रकारच्या कॉम्प्युटरवर सीपी/एम चालायला लागली. वर्डस्टार, डीबेस ही नावं आधी सीपी/एमवरच मोठी झाली. आपल्या काका-मामांच्या पिढीने कॉम्प्युटर क्लास लावला असेल तर त्यांना ही दोन नावं नक्की विचारा, चेहरा खुलेल. एका मशीनवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालतो, हे आज आपल्याला काहीच वाटत नाही. तेव्हा ते नवल होतं, आणि ते बायोसमुळे घडत होतं.

विमान, वकील आणि आयबीएम

१९८० मध्ये आयबीएमने ठरवलं, आपणही छोटा कॉम्प्युटर काढायचा आणि तोही वर्षभरात. सगळं स्वतः बनवायला वेळ नव्हता, म्हणून सुटे भाग बाजारातून घ्यायचे ठरले. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ते आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले. तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच, म्हणून बिल गेट्सने त्यांना पॅसिफिक ग्रोव्हचा पत्ता दिला.

आयबीएमची माणसं आली तेव्हा गॅरी गावात नव्हता. विमान उडवायचा त्याला भारी नाद, कामालाही तो स्वतःच्या विमानाने जायचा. त्या दिवशी तो दुसऱ्या एका ग्राहकाकडे गेला होता. पाहुण्यांची बैठक डोरोथीसोबत झाली, कारण धंद्याचे करार नेहमी तीच बघायची. आयबीएमने गुप्ततेचा एक कागद पुढे केला. त्यात आयबीएमचं सगळं झाकलेलं आणि समोरच्याला संरक्षण जवळपास शून्य. डोरोथीने वकिलाला विचारलं आणि लगेच सही करायला नकार दिला.

याच दिवसाची पुढे दंतकथा झाली. आयबीएम दारात उभी होती आणि गॅरी मजेत विमान उडवत होता, अशी. ती सांगायला सोपी आहे, म्हणून टिकली. खरं तर गॅरी त्याच दुपारी परत आला होता, बोलणीही झाली. पण नेमकं काय ठरलं यावर दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळं सांगत राहिली. घोडं अडलं ते पैशावर आणि अटींवर. आयबीएमला एकदाच ठरावीक रक्कम देऊन मोकळं व्हायचं होतं, गॅरीच्या कंपनीची पद्धत प्रत्येक कॉपीमागे पैसे घेण्याची. एकतर्फी कागदावर सही न करणाऱ्या बाईला यात दोष देणं मला तरी पटत नाही.

आयबीएम परत मायक्रोसॉफ्टकडे गेली. सिअॅटलच्याच एका छोट्या कंपनीतल्या टिम पॅटर्सनने सीपी/एमचं मॅन्युअल समोर ठेवून, तिच्यासारखीच चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचं लायसन घेतलं, मग १९८१ मध्ये ती विकतच घेतली आणि आयबीएमला दिली. हीच डॉस. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला. उस्मानाबादमधून वेगळा लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे पीसी आपल्या जिल्ह्यापेक्षा वर्षाने मोठा.

डॉस पाहून गॅरी भडकला. आदेशांची मांडणी, आतल्या कामांची रचना, सगळं ओळखीचं. त्याने खटल्याची भाषा केली, पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा कच्चा होता. शेवटी आयबीएमने तडजोड केली, आपल्या पीसीवर सीपी/एमसुद्धा विकायची. गॅरी खूश झाला. मग दुकानात किमती लागल्या. डॉस ४० डॉलर आणि सीपी/एम २४० डॉलर. त्यात ती बाजारात आली काही महिने उशिरा. गिऱ्हाइकाने काय उचललं असेल हे सांगायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

बायोसला कुलूप लागलं, आणि वाटही निघाली

आयबीएमने गॅरीची ऑपरेटिंग सिस्टिम मागे टाकली, पण त्याची बायोसची कल्पना उचलली. फरक एवढाच की गॅरीचं बायोस फ्लॉपीवरून मेमरीत यायचं, हवं तेव्हा बदलता यायचं. आयबीएमने ते मदरबोर्डवरच्या रॉम चिपमध्ये बसवलं. पीसीचे बाकी भाग बाजारात कुणालाही मिळत होते. फक्त बायोस आयबीएमचं, आणि त्यावर कॉपीराइट. म्हणजे अख्ख्या मशीनची किल्ली या एका चिपमध्ये. गंमत म्हणजे त्याचा सोर्स कोड आयबीएमने आपल्या मॅन्युअलमध्ये छापला होता. वाचायला मोकळा, उतरवून घ्यायला बंदी.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने यातून वाट काढली. त्यांनी माणसांचे दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचं बायोस अभ्यासून फक्त ते काय काय करतं याची यादी केली. दुसऱ्या गटाने मूळ कोड कधी बघितलाच नव्हता, त्याने ती यादी वाचून सगळं नव्याने लिहिलं. एकही ओळ चोरलेली नाही, पण काम तेच. या पद्धतीला क्लीन रूम म्हणतात. १९८३ मध्ये कॉम्पॅकचं मशीन दुकानात आलं. पुढच्या वर्षी फिनिक्स कंपनीने याच पद्धतीने बायोस बनवलं आणि हवं त्याला विकायला काढलं. लिहिण्यासाठी त्यांनी इंटेलच्या चिपवर कधी काम न केलेला प्रोग्रॅमर शोधला, म्हणजे नकलेचा संशयच नको. त्यानंतर पीसी कुणीही बनवू शकत होतं. गल्लीतल्या दुकानात असेंबल केलेला कॉम्प्युटर मिळतो, त्याची मुळं या घटनेत आहेत.

इथे जरा थांबायला हवं. गॅरीच्या सीपी/एमची डॉसने नक्कल केली, ती आपल्याला अन्याय वाटते. आयबीएमच्या बायोसची कॉम्पॅकने नक्कल केली, त्यावर आपण टाळ्या वाजवतो. दोन्हीकडे बाहेरचं रूप तेच ठेवून आतलं नवं लिहिलं होतं. फरक कदाचित एवढाच की एकीकडे नुकसान दार उघडं ठेवणाऱ्याचं झालं आणि दुसरीकडे ते बंद करणाऱ्याचं. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसतात, आणि मनाला मात्र वेगळ्या वाटतात.

१९८४ मध्ये आयबीएमच्या एटी मॉडेलने बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत सेटिंग्ज ठेवायला सुरुवात केली. त्याआधी मदरबोर्डवरची बारीक बटणं खालीवर करावी लागायची. पुढे सेटअपचा मेन्यू आला, मेन्यूला पासवर्ड आला. आता बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, आपण सवयीने बायोसच म्हणतो. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या भरपूर पर्याय देतात. ब्रँडवाले त्यातले आपल्याला नको ते लपवून मशीन विकतात. कारणं अगदीच खोटी नाहीत. ऑफिसच्या पाचशे मशीनवर कुणी काहीही बदलू नये, चुकीच्या सेटिंगमुळे तक्रारी आणि वॉरंटीचे खर्च वाढू नयेत. पण तेच मशीन ऑफिसमधून निघून आपल्या घरी आलं तरी कुलूप तसंच राहतं.

उरलेली वर्षं

डिजिटल रिसर्च एका रात्रीत बुडाली नाही. पैसा आला, माणसं वाढली. पण कंपनी चालवण्यात गॅरीचा जीव रमत नव्हता, त्याला नवं काही बनवायचं असायचं. १९८३ पासून तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचा सहसूत्रसंचालक झाला. तांबूस दाढीचा, शांतपणे समजावून सांगणारा हा माणूस दुसऱ्यांच्या नव्या मशीनचं मोकळेपणाने कौतुक करायचा. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा एन्सायक्लोपीडिया एका सीडीवर बसवला. सीडी म्हणजे गाणी, असं लोक समजत होते तेव्हाची ही गोष्ट.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या जागी बसणारी आणि काही बाबतीत सरस. ज्याची नक्कल झाली त्यानेच नकलेला टक्कर दिली. १९९१ मध्ये नॉव्हेलने कंपनी विकत घेतली आणि गॅरी बाजूला झाला. त्याच सुमारास विंडोजच्या एका चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने असा कोड ठेवला होता की खाली डीआर-डॉस दिसली की एररचा मेसेज यायचा. त्यावरून पुढे कोर्टात खटला झाला आणि तो २००० मध्ये पैसे देऊन मिटवला गेला. ते बघायला गॅरी नव्हता.

घरातही सगळं आलबेल नव्हतं. डोरोथीशी घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, दारू वाढली. ज्या ज्या मुलाखतीत जायचा तिथे त्या विमानाच्या दिवसाचाच प्रश्न. १९९२ मध्ये त्याच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स विभागाचा पंचविसावा वाढदिवस होता. गॅरी तिथला पीएचडी, पण मुख्य भाषणाचा मान बिल गेट्सला. हे त्याला फार लागलं. आपली बाजू मांडायला त्याने आठवणी लिहायला घेतल्या, पण त्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत.

जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय ५२. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये आयईईई या संस्थेने त्याच्या कामाची आठवण म्हणून पाटी बसवली. त्याच वर्षी कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड अभ्यासासाठी खुला केला, आणि २०१६ मध्ये घरच्यांच्या परवानगीने त्याच्या आठवणींचा काही भागही. दोन्ही आज कुणालाही वाचता येतात.

तुमच्या डब्याला कुलूप असेल तर

आधी मशीन कुणाचं ते बघा. कॉलेजच्या लॅबमधलं किंवा ऑफिसचं असेल तर पासवर्ड तोडायच्या भानगडीत पडू नका, लॅबच्या सरांना सांगा. स्वतःचं असेल आणि बिल हातात असेल तर पुढचं वाचा.

पुष्कळदा बायोसमध्ये शिरायची गरजच नसते. फक्त पेनड्राइव्हवरून बूट करायचं असेल तर डेल आणि लेनोवोवर एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबून एकदाच वापरायचा बूट मेन्यू मिळतो, अर्थात आधीच्या मालकाने तोही बंद केला नसेल तर. विंडोज चालू असेल तर रिकव्हरीमधल्या अॅडव्हान्स्ड स्टार्टअपमध्ये डिव्हाइस निवडायचा पर्याय असतो. उबुंटूसारखं लिनक्स सिक्युअर बूट चालू असतानाही बसतं, त्यामुळे ते बंद करायचा हट्ट नको.

पासवर्ड असेल तर विकणाऱ्याला आधी विचारा. बऱ्याच जुन्या बिझनेस डेस्कटॉपमध्ये पासवर्ड पुसायचा जम्पर मदरबोर्डवरच असतो. तो कुठे आहे हे कंपनीच्या साइटवरच्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेलं असतं. नाण्याएवढी बॅटरी काढून ठेवायचा उपाय नव्या मशीनवर सहसा चालत नाही, कारण पासवर्ड आता वेगळ्या चिपमध्ये राहतो. तेव्हा बिल दाखवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची मदत घेणं हाच सरळ रस्ता.

सेटिंगच दिसत नसेल तर कंपनीचा नवा बायोस अपडेट बघा, कधीकधी त्यात पर्याय वाढतात. अपडेट करताना यूपीएस हवाच. मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. कुठल्यातरी अनोळखी साइटवरचं बदललेलं बायोस टाकणं म्हणजे तीच जोखीम दुप्पट. बिटलॉकर चालू असेल तर काहीही बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच फाइलींना आपण मुकाल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय खरेदीच्या वेळीच आहे. पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडा, पासवर्ड आहे का बघा, व्हर्च्युअलायझेशन चालू होतं का बघा.

दार कुणाचं?

गॅरीच्या आयुष्याची गोष्ट सहसा हुकलेल्या संधीची म्हणून सांगतात. आयबीएमचा सौदा हातून गेला, दुसरा जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला, वगैरे. पण त्या हिशोबात त्याने काय केलं ते दिसतच नाही. हार्डवेअर कुणाचंही असू दे, मध्ये एक छोटा, समजण्याजोगा, बदलता येणारा थर ठेवला की वापरणारा कंपनीचा मिंधा राहत नाही, हे त्याने करून दाखवलं. त्या थरावर पुढे कंपन्यांनी कुलपं लावली. तरी तो थर आहे, आणि म्हणूनच एका कंपनीच्या डब्यात आपण दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याची हार्डडिस्क आणि चौथ्याची ऑपरेटिंग सिस्टिम टाकू शकतो.

कॉम्प्युटरच्या पोरांना एक सुचवतो. सीपी/एम आज एम्युलेटरवर साध्या लॅपटॉपवरही चालते. सुट्टीत एकदा ती चालवून बघा आणि तिची बायोस लिहायची मार्गदर्शिका शोधून वाचा. ती १७ कामं एका संध्याकाळी समजतात. त्यानंतर तुमच्या डेस्कटॉपचा निळा-करडा मेन्यू उघडाल तेव्हा तिथे काय काय आहे यासोबत काय लपवलंय, हेही तुमच्या लक्षात यायला लागेल.